पाच किलो जिलबीचा निकाल

श्रावण शुद्ध षष्ठी, म्हणजे नागपंचमीचा दुसरा दिवस, दुपारचे चार. पैज: पोळ्यानंतरच्या शनिवारी विकास फिट होतो की नाही, पाच किलो जिलबी. हजर: तुम्ही, मी, खाटेवर पिवळे डोळे घेऊन पडलेला विकास, आणि उंबऱ्यावर चहाची वाट बघत बसलेले आमचे हे.

बाई, ही नोंद चार वर्षांपूर्वीची आहे आणि ती तुमच्याच सांगण्यावरून केली होती. "लिहून ठेव वं मास्तरीण, नाही तं मंग मुकरशील," असं तुम्ही म्हणाला होतात. मी शाळेत गणित शिकवते. लिहिलेल्यावरून मुकरत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तरी चार वर्षं मुकरले.

तुमची तेरवी काल झाली. तुमचं माहेर कुठलं, तुम्ही किती वर्षांच्या होतात, हे ज्यांना हवं त्यांनी तेरवीच्या कार्डावर वाचावं. मला फक्त या पैजेचं लिहायचं आहे. आपण दोघी जावा सव्वीस वर्षं एका चुलीवर राहिलो. त्यात भांडणं किती झाली याचा हिशोब माझ्याकडेही नाही, पण न मिटलेलं भांडण एकच होतं. ते हे.

त्या वेळी विकास सैन्यात जाऊन तीन वर्षं झाली होती. तो माझ्या पोटचा, पण वाढला तुमच्या ताटात. तुम्हाला मूल नव्हतं, भाऊजी लवकर गेले, आणि तो बोलायला लागल्यापासून तुम्हाला मोठी आई म्हणायचा. त्याच्या पलटणीला वरच्या बर्फातल्या चौक्यांवर जाण्याचा हुकूम झाला होता. जवान दोन तुकड्यांनी जायचे होते आणि विकासचं नाव दुसऱ्या तुकडीत होतं. जाण्याआधी रजेवर घरी आला आणि आठव्या दिवशी त्याचे डोळे पिवळे पडले. कावीळ. सैन्याच्या दवाखान्यात दहा दिवस ठेवलं, मग चार आठवड्यांच्या आजारपणाच्या रजेवर घरी पाठवलं. चार आठवड्यांनी, पोळ्यानंतरच्या शनिवारी, डॉक्टरांसमोर उभं राहायचं. फिट निघाला तर तुकडीबरोबर वर. नाही निघाला तर यादीतून नाव कापलं जाणार आणि त्याच्या जागी दुसरा जाणार. तो दुसरा कोण, हेही विकासला ठाऊक होतं. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर होती.

घरी आला तेव्हा रक्तातला काविळीचा आकडा होता ७.६. बरा माणूस म्हणजे १.२ च्या आत.

मी तेव्हाच गणित मांडलं होतं. आजाराच्या पहिल्या दिवशी ९.८, दहा दिवसांत २.२ ने कमी. या चालीनं चार आठवड्यांनी १.४, म्हणजे १.२ च्या आत नाहीच. मी मोठ्यानं म्हणाले, "नाही व्हायचा तो फिट. उगाच आस लावू नका त्याला."

तुम्ही पोळी लाटत होतात. लाटणं थांबवून म्हणालात, "होईन. पोळा झाल्यावर माहा पोरगा बर्फात उभा राहीन. लाव शर्त."

"कशाची?"

"जिलबीची. पाच किलो."

खाटेवरून विकास कण्हत म्हणाला, "मोठी आई, जिलबीचं नाव नको काढू. तेलाचा वास आला तरी मले मळमळते."

"तुले कोण देऊन राह्यलं? तू फिट झाला की तुही आई खाऊ घालीन मले. तू बसजो पाहत."

हे उंबऱ्यावरून म्हणाले, "शर्त लावा नाही तं नका लावू, पण चहा मांडा."

असं ठरलं. मी वही काढून लिहिलं. लिहिताना माझ्या मनात काय होतं ते लिहिलं नाही. ते आज लिहिते. मला ती पैज जिंकायची होती, बाई. आई असून मला माझ्या मुलाचा आकडा खाली यायला नको होता. पोरगा मरावा असं नाही, कण्हावा असंही नाही. फक्त आकडा शनिवारपर्यंत १.२ च्या वर राहावा. पुढच्या सोमवारी उतरला तरी चाललं असतं.

ते चार आठवडे घरात सगळ्यात जास्त आजारी कोण होतं हे सांगणं कठीण. विकासचं अंग खाजायचं, झोप यायची नाही. आजारापेक्षा वाट पाहण्यानं त्याला जास्त खाल्लं. दर अर्ध्या तासानं भिंतीवरच्या आरशात डोळ्यांची खालची पापणी ओढून बघायचा. फोनवर पलटणीतल्या मुलांचे निरोप यायचे: अमुक फिट झाला, तमक्याचं सामान बांधून झालं. ते वाचून तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. एकदा त्यानं दुधीची वाटी भिरकावली. माझ्यावर कधी नाही ओरडला, तेव्हा ओरडला. "तुम्हाले काय फरक पडते? इथं लोळत पडलो तं बरंच वाटते न तुम्हाले!" तो सहज बोलून गेला. मला ते जिथं लागायचं तिथं लागलं.

तुम्ही काय केलंत? आरसा काढून धान्याच्या कोठीमागं ठेवलात. फोन तुमच्या कमरेच्या बटव्यात गेला. सकाळी पाव तास, संध्याकाळी पाव तास, एवढाच मिळायचा. तो चिडला तर म्हणायच्या, "तिकडं साहेबाचं ऐकते न? इथं मी साहेब." आणि त्याच्या खाटेवर कापसाचा ढीग आणून टाकलात. घरचाच कापूस, सरकी हातानं काढायची आणि वाती वळायच्या. कोणाच्या तरी व्रताला लाख वाती द्यायच्या होत्या म्हणे. सहा फूट उंचीचा जवान मांडीवर वात वळतो आहे, हे बघायला शेजारच्या बाया काही ना काही निमित्तानं येऊन गेल्या. एक म्हणाली, "बंदुकीपेक्षा हे बरं जमते याले." तो लाजला, मग हसला, मग आणखी बारीक वळायला लागला. माझ्या वहीत आकडा आहे: त्या दिवसांत त्यानं सात हजार चारशे साठ वाती वळल्या. ते लाख वातीचं व्रत कोणाचं होतं याचा शोध मी पुष्कळ घेतला. कोणाचंच नव्हतं.

आणि माळ. तुमच्या माहेरी झरी जामणीकडं कावीळ झाली की रानातल्या वेलीच्या हिरव्या काड्यांची माळ करून डोक्यावर ठेवतात. सुरुवातीला ती टोपीएवढी असते. कावीळ उतरते तशी माळ लांबत जाते, गळ्यात येते, छातीवर येते, पायाखालून निघाली की माणूस बरा, अशी समजूत. माळ करणाऱ्यानं काही घ्यायचं नसतं, आणि उतरलेली माळ बांधावरच्या झाडाला टांगायची. मी त्यावरून तुमच्याशी भांडले. मी म्हणाले, "बाई, गोळ्या आणि विश्रांती, बाकी काही नाही. त्या काड्यांनी काय होणार?"

"गोळ्या बंद कर म्हटलं काय मी? गोळ्या बी खाईन अन् माळ बी घालीन. तुह्या गणिताच्या आड येते काय माही माळ?"

आड येत नव्हती. मी दर सोमवारी राळेगावला एसटीनं जाऊन त्याच्या रक्ताचा कागद आणायची. तुम्ही रोज अंघोळीनंतर माळ बोटांनी मोजायच्या. विकास दोन्हीची वाट बघायचा. पण कागद आठवड्यातून एकदा आणि माळ रोज. रोज दोन बोटं, तीन बोटं. त्याच्या तोंडावर सकाळचं थोडं हसू यायचं ते माळेमुळं, हे मला मान्य करावं लागलं, मनातल्या मनात.

पहिल्या सोमवारी आकडा आला ६.१. माझ्या गणिताप्रमाणे. दुसऱ्या सोमवारी मी कागद उघडला आणि एसटी स्टँडवरच्या बाकावर बसून राहिले. ३.४. गणित मोडलं होतं. या चालीनं तो फिट होणार होता.

घरी आले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, "पाच पॉइंट चार."

तेवीस वर्षांच्या नोकरीत मी मुलांच्या गुणपत्रिकेत अर्धा गुण इकडचा तिकडं केला नाही. त्या दिवशी पोटच्या पोराच्या रक्तात दोन पूर्णांक मिसळले. मला वाटलं, तो खचेल, आपणच म्हणेल की नाही जमत, माझं नाव कापा. विकास वाती वळत राहिला.

संध्याकाळी तुम्ही मला गोठ्यात बोलावलंत. तुम्ही गाईसमोर कुटार टाकत होतात. माझ्याकडं न बघता म्हणालात, "सुनंदे, पोराचे डोळे दुधासारखे पांढरे होऊन राह्यले. दोन दिवसांपासून भाकर मागून खाऊन राह्यला. अन् आकडा पाच?"

मी खाली सांडलेली वैरण गोळा करू लागले.

"तुह्या हातानं आकडा चुकत नाही. मंग काहून चुकला?"

मी रडले. तुम्ही रडू दिलंत. मग म्हणालात, "भेव मले नाही वाटत काय? पण तो इथं राह्यला अन् तो दुसरा तिकडं गेला, त्या पोटुशी बाईचा नवरा, अन् त्याले काही झालं, तं हा जन्मभर पिवळाच राहीन. मंग कोणती माळ घालशील?"

मी म्हणाले, "आता कसं सांगू त्याला?"

"सांग, वाचण्यात चूक झाली. मास्तरणीले बी चूक होते." मग घमेलं खाली ठेवून तुम्ही जवळ आलात आणि अगदी हळू बोललात. "तुले एक सांगते. कोणाले सांगू नको. त्या काड्या वाळल्या की गाठी ढिल्या होतात, म्हणून माळ लांबते. मले काय कळत नाही? आठ दिवसांत पायाशी आली असती ते. मी त्याच्या अंघोळीच्या वेळी तिच्यावर पाणी मारते. तुह्या कागदाच्या मागं मागं चालवते तिले. तू आकडा वाढवला, मी माळ ओढून धरली. पण माही माळ त्याले उठवून राह्यली, तुहा आकडा झोपवून राह्यला. एवढाच फरक."

एवढाच फरक! बाई, मी शेकडो मुलांना वजाबाकी शिकवली असेल, पण असा फरक मला कोणी काढून दाखवला नव्हता.

सकाळी मी विकासला सांगितलं, "अरे, काल माझं चुकलं. तीन पॉइंट चार आहे." तो खदखदून हसला. इतका की खाटेवरचा कापूस उडाला. मला वाटलं, आकडा ऐकून आनंद झाला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तिसऱ्या सोमवारी १.९. पोळ्याच्या दिवशी त्यानं बैलांची शिंगं रंगवली आणि तूप न लावलेली पुरणपोळी खाल्ली, दीड. शनिवारी आम्ही दोघं त्याला घेऊन डॉक्टरांसमोर गेलो. आकडा आला १.३.

एक दशांश जास्त. डॉक्टर म्हणाले, चार दिवसांनी पुन्हा तपासू. तुकडी निघणार होती दोन दिवसांनी. मी जिंकले होते, आणि मला आनंद झाला नाही. मग फोन आला: वर हवामान बिघडलं आहे, तुकडी आठवडाभर खाली थांबणार. चार दिवसांनी आकडा १.०. शिक्का पडला, फिट. नाव यादीतच राहिलं. त्या दिवशी घरी फोन केला तर तुम्ही पलीकडून ओरडलात, "माळ आत्ताच पायाखालून काढली म्हणा त्याले! झाडाले टांगून आली!" माळ त्याच्या सामानात होती, बाई. तुम्ही दुसरीच टांगली असणार.

तो गेला. साडेसात महिने वर राहिला. हाताची दहा आणि पायाची दहा बोटं घेऊन परत आला. मी मोजली. पुढं नायक झाला. खाली आल्यावर त्यानं सांगितलं, बर्फ पडत असला की तीन तीन दिवस आत बसून राहावं लागायचं, तेव्हा तो पट्टीच्या कापसाच्या वाती वळायचा. साहेबांनी विचारलं, हे काय? हा म्हणाला, "साहेब, मोठ्या आईचं औषध आहे." आठवड्यात चौकीवरचे सगळे वाती वळायला लागले. त्या दुसऱ्या जवानाला मुलगी झाली आणि तो तिच्या जन्माच्या वेळी घरी होता. त्यानं पेढे पाठवले. तुम्ही पेढे खाल्लेत आणि म्हणालात, "पेढ्यानं शर्त फिटत नाही. जिलबी कुठी आहे?"

तिथून आपला वाद सुरू झाला. मी वही काढली. "शनिवारी फिट, असं ठरलं होतं. शनिवारी १.३ होता. १.३ म्हणजे फिट नाही. जिंकले मी."

"शनिवार कुठं लिवला आहे? 'पोळा झाल्यावर बर्फात उभा राहीन' असं म्हटलं मी. राह्यला का नाही?"

"वहीत शनिवार लिहिला आहे."

"वही तुही, लिवणारी तू, अन् शनिवार बी तूच घातला!"

दिवाळीला हाच वाद, संक्रांतीला हाच. पाहुण्यांसमोर तुम्ही मुद्दाम काढायच्या. "आमची मास्तरीण एका दशांशासाठी जिलबी देत नाही वं!" मी खोटी चिडायची. कधीच दिली नाही. पैशाचा प्रश्न नव्हता. पैज हरले म्हटलं की मी कोणत्या बाजूनं खेळले हे उघडं झालं असतं. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि तुम्ही मला दर वेळी एक दशांशाच्या आड लपू दिलंत. गोठ्यातलं बोलणं तुम्ही त्यानंतर एकदाही काढलं नाही. भांडणात माझ्या माहेरचं काढलंत, माझ्या बेचव वरणाचं काढलंत, ते मात्र नाही. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले.

यंदा तुमचेच डोळे पिवळे झाले. या वेळी साधी कावीळ नव्हती, यकृतच गेलं होतं, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी घरी येऊन तुम्हाला खरा आकडा सांगितला. दशांशासकट. तुम्ही म्हणालात, "शिकली माही मास्तरीण." मग म्हणालात, "माळ कर मले."

मी बांधावरून वेल आणली, तुम्ही खाटेवरून गाठी शिकवल्यात. टोपीएवढी माळ तुमच्या पांढऱ्या केसांवर ठेवली. मी तुमच्यासारखाच पाण्याचा तांब्या घेतला तर माझा हात धरलात. "हिच्यावर पाणी मारू नको. धावू दे."

धावली. सहाव्या दिवशी पायाशी आली. तुम्ही विकासला फोनवर पाय दाखवलेत. "पाह्य रे, तुले चार हप्ते लागले, मी सहा दिवसांत फिट!" तो हसत होता, आणि आपण तिघंही जाणून होतो. त्यानंतर अकरा दिवस तुम्ही होतात. त्यांतले नऊ दिवस जेवलात, आठ दिवस मला टोमणे मारलेत. माळ मी बांधावरच्या पळसाला टांगली. तिथं आधीची वाळलेली एक होती. तुम्ही खरंच टांगली होती.

परवा, तेरवीच्या आदल्या दिवशी, मी आणि विकास राळेगावला गेलो. मिठाईवाल्यासमोर उभं राहून मी त्याला एका दमात सगळं सांगितलं: पाच पॉइंट चार, एसटीचं बाक, गोठा. तो ऐकून म्हणाला, "मले मालूम होतं."

"मोठ्या आईनं सांगितलं?"

"नाही वं. लॅबवाल्यानं कागद फोनवर बी पाठवला होता. संध्याकाळी पाव तास फोन भेटला तेव्हा पाह्यला. तीन पॉइंट चार. म्हटलं, आई सांगीन. रातभर वाट पाह्यली तुही. तुकडीची नाही पाह्यली एवढी."

मिठाईवाला म्हणाला, "ताई, पाच किलोच न? पाच किलो शंभर भरली. काढू काय वरची?"

मी म्हणाले, "राहू द्या."

काल तुमच्या फोटोपुढं पहिलं ताट ठेवलं. मग पंगतीत वाढताना मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं की ही जिलबी तेरवीची नाही, पैजेची आहे, आणि पैज जाऊबाईंनी चार वर्षांपूर्वीच जिंकली होती, मीच चुकीच्या बाजूला होते. बाया हसल्या. हे म्हणाले, "झालं एकदाचं." विकासनं तिथंच दहा कडी खाल्ली. मी मोजली.

मग वही उघडली, तेच पान. खाली लिहिलं:

दिली: पाच किलो शंभर ग्रॅम. वरचे शंभर ग्रॅम त्या एका दशांशाचे.
कोणाला: जाऊबाईंना.
त्यांच्या वतीनं घेणारा: विकास, सही केली आहे.